स्वसंरक्षणासाठी कराटेचा क्लास निवडताना

‘कराटे क्लास’ या पाटीखाली प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. एक म्हणजे स्पर्धेचा खेळ. त्यात वजनगट असतात, पंच असतात, गुण मोजले जातात आणि पदके मिळतात. दुसरी म्हणजे परंपरेने आलेली साधना: रांगेत उभे राहून घोटलेले ठोसे, ठरलेल्या क्रमाच्या हालचालींचे काता, बेल्टच्या परीक्षा. तिसरी म्हणजे अंगावर आलेल्या माणसाच्या तावडीतून सुटून सुखरूप घरी पोचण्याची विद्या. हात-पाय तिन्हींत तेच, पोशाखही तोच पांढरा, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. नाव घालायला येणारे बरेच जण, विशेषतः मुलींचे पालक, तिसऱ्या गोष्टीसाठी येतात. बहुतेक ठिकाणी शिकवल्या जातात पहिल्या दोन. यात लबाडी असतेच असे नाही. सरांना त्यांच्या सरांनी जे दिले तेच ते पुढे देतात, आणि त्याचा रस्त्यावर उपयोग होईल अशी त्यांची स्वतःचीही प्रामाणिक समजूत असते. म्हणूनच पारख करण्याचे काम नाव घालणाऱ्यावर येऊन पडते.

खेळ आणि स्वसंरक्षण यांच्यातले अंतर जगाने एकदा थेट प्रक्षेपणात पाहिले आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत चालू होती. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची एक उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला अशी बसली की तो जागीच बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. सुवर्णपदक मिळाले ते गंजजादेहला. हामेदीचा आघात नियमात बसणाऱ्या जोरापेक्षा जास्त ठरला आणि तो बाद झाला. खेळ म्हणून हा निकाल योग्यच होता, कारण या स्पर्धेत आघात आवरता येणे हाच कौशल्याचा भाग आहे आणि त्यामुळेच पोरे डोकी शाबूत ठेवून घरी जातात. मात्र आठवड्यातून तीन दिवस, वर्षानुवर्षे, ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवायची सवय केलेला हात संकटातही तिथेच थांबण्याचा संभव असतो. शरीर सराव केलेलेच करते.

कराटेचा उगम काही पदकांसाठी झालेला नव्हता. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर नाहा, शुरी आणि तोमारी या गावांभोवती हातघाईची विद्या जोपासली गेली. तिच्यावर चिनी युद्धकलांची छाप होती आणि ती लहान गटांत, गुरूच्या अंगणात शिकवली जात असे. इतोसु आन्को या शिक्षकाने १९०८ मध्ये ओकिनावाच्या शिक्षण खात्याला एक दहा कलमी पत्र लिहिले. एकास एक सामना खेळण्यासाठी ही विद्या नाही, गुंड अंगावर आला तर इजा टाळण्यासाठी आहे, असा त्यातल्या पहिल्याच कलमाचा आशय आहे. पण ही विद्या शाळेत नेली तीही इतोसु यांनीच. पन्नास-साठ मुलांना एका मैदानात शिकवायचे तर कवायतीला पर्याय नव्हता. डोळ्यांवर, गळ्यावर, सांध्यांवर करायच्या गोष्टी मुलांच्या हाती देणे शहाणपणाचे नव्हते. हालचाली राहिल्या, त्यांचे अर्थ मागे पडले. पुढे फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिके दिली, विद्यापीठांतल्या तरुणांनी ही कला उचलली, आणि तरुणांना एकमेकांशी भिडायला नियम हवे होते. जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५७ मध्ये झाली, पहिली जागतिक स्पर्धा १९७० मध्ये. नावाचीही कथा अशीच आहे. आधी ‘चिनी हात’ असा अर्थ देणारी चित्रलिपी वापरली जाई. १९३० च्या दशकात तिच्याऐवजी त्याच उच्चाराची ‘रिकामा हात’ ही अक्षरे रूढ झाली.

अर्थ मागे पडला म्हणजे नेमके काय झाले, हे एका हालचालीत दिसते. कोणत्याही क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात: एक हात पुढे ठोसा मारतो, त्याच वेळी दुसरा हात मूठ वळवून कमरेशी ओढला जातो. या ओढलेल्या हाताला हिकिते म्हणतात. तो कमरेवर का, असे विचारले की उत्तर मिळते, ‘पॉवर येते.’ जुन्या अर्थाने तो हात रिकामा नसतोच. त्याने समोरच्याचे मनगट, बाही किंवा केस धरलेले असतात आणि तो माणसाला ठोशाकडे खेचत असतो. हे ध्यानात आले की अख्खा काता वेगळा दिसू लागतो: लांबून येणारे ठोसे अडवण्याऐवजी तो धराधरी आणि ढकलाढकलीबद्दल बोलू लागतो. कातातल्या हालचालींचा असा अर्थ लावण्याला बुनकाई म्हणतात, आणि ब्रिटनमधल्या इयन अॅबर्नेथी यांच्यासारख्या शिक्षकांनी गेल्या काही दशकांत आपले सगळे शिकवणे त्यावरच उभे केले आहे. नवख्या माणसाने सरांना विचारावा असा सर्वांत सोपा प्रश्न हाच: हा हात कमरेवर कशाला? एखादा शिक्षक पुढे येऊन मनगट धरून दाखवतो, एखादा ‘आधी करा, मग कळेल’ म्हणतो. दोन्ही उत्तरांतून क्लासची जात कळते.

शैलीच्या नावावरून मात्र फारसे काही कळत नाही. महाराष्ट्रात शोतोकानचे क्लास सर्वत्र दिसतात. गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू आणि क्योकुशिन यांचेही आहेत. गोजू-र्यूमध्ये जवळून भिडण्यावर भर आहे, शोतोकानमध्ये लांब पल्ल्याच्या हालचालींवर. क्योकुशिनवाले खरोखर पूर्ण जोराने मारतात, म्हणून त्यांचा दरारा आहे. पण त्यांच्या स्पर्धेत हाताने तोंडावर मारायला बंदी असल्याने तोंड झाकण्याची सवय तिथे कच्ची राहू शकते, आणि रस्त्यावर पहिला ठोसा येतो तो तोंडावरच. थोडक्यात, प्रत्येक शैलीला एक आंधळी बाजू आहे. ती ओळखून भरून काढणारा शिक्षक कोणत्याही शैलीत भेटतो.

पाटीवरच्या बाकीच्या मजकुराचीही थोडी झाडाझडती घेतलेली बरी. फ्लेक्सवर ब्रूस लीचे चित्र असते. ब्रूस ली कराटेवाला नव्हता, तो विंग चुन शिकला होता आणि पुढे त्याने स्वतःची जीत कुने दो ही पद्धत काढली. त्याच्या खालोखाल ‘शिहान’, ‘हान्शी’, ‘ग्रँडमास्टर’, सातवा डॅन, आठवा डॅन. डॅनची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची, पद्धत ज्यूदोच्या कानो जिगोरो यांच्याकडून कराटेत आली, आणि आज प्रत्येक संघटना आपापले डॅन देते. एका संघटनेचा चौथा आणि दुसरीचा चौथा यांची तुलना करणारी कोणतीही सामाईक मोजपट्टी नाही. भारतात कराटे शिकवायला डॉक्टर किंवा वकिलासारखा परवानाही लागत नाही. हॉल भाड्याने घेतला आणि पाटी लावली की क्लास सुरू. संघटनांची संख्या मोठी आहे, त्यांच्यातले मान्यतेचे वाद नित्याचे आहेत. मुलाला सरकारमान्य स्पर्धेत उतरायचे असेल, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण हवे असतील, तर संघटनेची मान्यता जरूर तपासावी. स्वसंरक्षणाच्या गुणवत्तेबद्दल ती काहीच सांगत नाही. भिंतीवरच्या पदकांचेही तेच. पदक हे क्लासमध्ये मेहनत होते याचा पुरावा आहे, आणि मेहनत ही चांगलीच गोष्ट आहे. ती कशाची होते, हा प्रश्न उरतोच.

हल्ला होतो कसा, हे ज्या क्लासला ठाऊक नाही तो क्लास स्वसंरक्षण शिकवू शकत नाही. स्पर्धेत दोघे समोरासमोर, वाकून नमस्कार करून, दोन हातांच्या अंतरावर उभे राहतात आणि पंचाच्या इशाऱ्यावर लढत सुरू होते. रस्त्यावर, जिन्यात, रिक्षाच्या रांगेत, पार्किंगमध्ये सुरुवात बहुधा बोलण्याने होते. ‘ए, काय बघतो रे?’ अशी. मग अंगाजवळ येणे, ढकलणे, कॉलर धरणे, आणि मग गोल फिरवून मारलेला ठोसा. बायकांच्या बाबतीत मनगट धरणे, केस धरणे, मागून कवेत घेणे, भिंतीशी दाबणे. सोनसाखळी चोर मोटारसायकलवरून येतो. तिथे साखळी सोडून देणे आणि तोल सांभाळणे यापलीकडे शिकण्यासारखे थोडेच आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हल्लेखोर पुष्कळदा ओळखीचा असतो. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल सातत्याने दाखवतात. शेजारी, नातेवाईक, मित्र, वरिष्ठ. अशा माणसाच्या नाकावर पहिल्या क्षणी ठोसा मारण्याची हिंमत कोणाचीच होत नाही. तिथे आधी ‘नाही’ म्हणता यावे लागते, मोठ्याने, सगळ्यांदेखत, आणि उठून निघून जाता यावे लागते.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी याच जाणिवेतून एक वेगळी वाट निघाली. कराटेचा ब्लॅक बेल्ट असलेल्या एका स्त्रीवर बलात्कार झाला, आणि एवढे शिकूनही तिला प्रतिकार का करता आला नाही, असा प्रश्न तिच्याबरोबर शिकणाऱ्यांपुढे आला. बरेच जण तिलाच दोष देऊन मोकळे झाले. मॅट थॉमस यांनी उलट दिशेने विचार केला: दोष तिचा नसून तिला दिलेल्या तालमीचा आहे. स्त्रियांवरच्या हल्ल्यांच्या नोंदी अभ्यासून त्यांनी ‘मॉडेल मगिंग’ ही पद्धत उभी केली. तिच्यात प्रशिक्षक डोक्यापासून पायापर्यंत जाड पॅडिंग घालून हल्लेखोराची भूमिका करतो, शिवीगाळ करतो, अंगावर येतो, खाली पाडतो. आणि शिकणारी पूर्ण ताकदीने त्याला मारते. भीतीने हृदय धडधडत असताना, श्वास अडकलेला असताना करायचा सराव आणि शांत हॉलमध्ये एक-दोन-तीन मोजत करायचा सराव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भीतीत बोटांची नाजूक कामे सुचत नाहीत, नजर अरुंद होते, कानावर पडलेले कळत नाही. उरतात त्या मोठ्या, ढोबळ, शंभरदा केलेल्या दोन-चार हालचाली. ‘आमच्याकडे मनगट सोडवण्याचे चोवीस प्रकार आहेत’ असे अभिमानाने सांगणाऱ्या क्लासबद्दल इथेच शंका घ्यावी. चोवीसांतला कोणता, हे ठरवेपर्यंत वेळ निघून जाते.

काळ किती द्यावा लागतो, या प्रश्नाचे उत्तरही बेल्टच्या हिशेबात मिळत नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला एकूण बारा तासांचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके. वर्षभरानंतर बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. त्या बारा तासांत हात-पाय चालवणे हा एक भाग होता. बाकीचा वेळ ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर ओळखणे, ‘उगाच तमाशा नको’ ही मनातली अडचण ओलांडणे, आणि शब्दांनी ठाम विरोध करणे यांवर खर्च झाला. आठ मार्चला महाविद्यालयांत होणाऱ्या दोन तासांच्या शिबिरांना यावरून प्रमाणपत्र देता येत नाही. तिथे टाळ्या, फोटो आणि एक-दोन झटके यांपलीकडे फार काही होत नाही. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्या तीन महिन्यांत काय शिकवायचे हे नीट ठरले तर ते तीन वर्षांच्या क्लासला भारी पडू शकतात, आणि नुसता काता घोटला तर नाही.

आता क्लासच्या हॉलमध्ये. संध्याकाळचे सात, समाजमंदिराचा हॉल, तीस जण जोड्या करून उभे. सर सांगतात: डाव्याने उजव्याचे मनगट धरा. धरणारा हात लांब ठेवून, दोन बोटांनी, सरबताचा ग्लास धरावा तसे धरतो. सुटणारी हात वळवते, हात सुटतो, दोघे हसतात, ‘चेंज’. असे वीस वेळा. सुटका झाली याचे कारण धरणाऱ्याने सोडले हे आहे. ज्या क्लासमध्ये खरे काम होते तिथे हेच दृश्य पाच मिनिटांनी बदलते. सर म्हणतात, आता घट्ट धरा आणि दाराकडे ओढत न्या. धरणारा ओढू लागतो, सुटणारी फरफटते, पहिल्यांदा जमत नाही. मग सर दाखवतात की जोर लावायचा तो त्याच्या अंगठ्याच्या बाजूला, कारण मुठीची पकड तिथेच उघडी असते, ओढतोय तर उलट ताणण्याऐवजी त्याच्याच दिशेने एक पाऊल टाकून कोपर पुढे घालायचे, दुसरा हात मोकळा आहे, तो त्याच्या तोंडाकडे न्यायचा, ओरडायचे, आणि सुटल्यावर तिथे उभे न राहता दारापर्यंत पळायचे. दहा प्रयत्नांत चार जमतात. ते चार खरे असतात.

मराठी माणसाला हे समजावण्यासाठी जपानी शब्दांची गरज नाही, कुस्तीची तालीम पुरेशी आहे. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत ढाक आणि कलाजंग तोंडपाठ असलेल्या पोराला कोणी पैलवान म्हणत नाही. डाव लागला की नाही हे समोरचा ठरवतो, आणि तो रोज मातीत ठरवतो. समोरचा मनापासून विरोध करतो म्हणूनच पैलवानाला आपली खरी पत रोजच्या रोज कळत असते. ज्यूदोत हेच काम रांदोरी, म्हणजे जोडीदाराबरोबरचा मोकळा सराव, करते. कराटेच्या क्लासमध्ये त्याला प्रतिशब्द कोणताही असो, तासाभरातला निदान पाव भाग असा विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर गेला पाहिजे. यात मारामारी अपेक्षित नाही. विरोध हळूहळू वाढवत नेणे, थोडा, मग अधिक, मग पूर्ण, ही शिक्षकाची खरी कारागिरी आहे. पहिल्याच आठवड्यात नवख्याला सीनियर मुलांसमोर उभे करून ‘घाबरायचे नाही’ म्हणणारा क्लास दुसऱ्या टोकाचा. तिथे शिकणे होत नाही, दुखापत होते.

हॉलमध्ये आणखी काही गोष्टी शोधाव्यात. फोकस पॅड किंवा मोठे किक-शील्ड आहेत का आणि त्यांवर धूळ आहे का? हवेत मारलेल्या हजार ठोशांनी मनगट वाकते की सरळ राहते हे कळत नाही. पॅडवरच्या दहा ठोशांनी कळते. मूठ वापरतात की तळहाताची टाच? कवटीवर मूठ आपटली तर बोटांमागची हाडे मोडतात, तळहात तेवढा मोडत नाही, म्हणून जाणते शिक्षक नवख्यांना आधी तळहात देतात. बोलण्याच्या अंतरावरून सराव होतो का? इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात नाइटक्लबच्या दारावर काम केलेले कराटेपटू जेफ थॉम्पसन यांनी ‘कुंपण’ नावाची पद्धत रूढ केली: बोलत असताना दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर समोर धरायचे. ‘अहो, थांबा जरा, काय झालं?’ म्हणताना आपले हात जसे आपोआप पुढे येतात, तसेच. बघणाऱ्याला तो समजुतीचा हावभाव दिसतो, प्रत्यक्षात त्याने अंतर राखले जाते आणि हात तयार राहतात. जमिनीवर पडल्यावर उठायचे कसे, हे शिकवतात का? पडून कुस्ती जिंकायची नाही, फक्त पाय मध्ये ठेवून उठायचे आणि पळायचे, एवढेच. पण तेवढे हवेच.

चाकूचा विषय निघाला की शिक्षकाची खरी परीक्षा होते. प्रात्यक्षिकात चाकूवाला एकदाच, सरळ, हळू भोसकतो आणि हात तसाच पुढे धरून ठेवतो. सर तो पिरगाळतात, चाकू खणकन पडतो, टाळ्या. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की साधारण २१ फुटांवरचा माणूस दीड सेकंदात अंगावर येऊन पोचतो. त्यांचा प्रश्न पिस्तूल कमरेला असलेल्या पोलिसांसाठी होता. रिकाम्या हाताने काय होणार, याचा अंदाज त्यावरून करावा. प्रत्यक्षात चाकू दिसत नाही, तो एका हाताने पकडलेल्या माणसाला दुसऱ्या हाताने, भराभर, पुन्हा पुन्हा लागतो. ‘चाकू दिसला तर पाकीट द्या आणि पळा; पळता आले नाही तर मध्ये खुर्ची, बॅग, काहीही घाला; हात पकडणे हा शेवटचा, वाईट पर्याय’ असे सांगणारा शिक्षक दिखाऊ नाही. त्याच्याकडे नाव घालावे.

कायद्याबद्दल क्लासमध्ये चकार शब्द निघत नाही, हा आपल्याकडचा जुना दोष आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा अधिकार दिला आहे. त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण बचावाला आवश्यक असेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तिथे हा हक्क उरत नाही. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा काही प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हल्ला समोर असताना नागरिकाने भ्याडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि आधी मार खाऊन मग हात उचलायचा अशीही अट नाही; धोक्याची रास्त भीती पुरे. धोका संपला की हक्कही संपतो. खाली पडलेल्याला चार लाथा जास्त घालणारा माणूस त्या चार लाथांपुरता आरोपी असतो. ‘पाडा आणि मग फिनिश करा’ असे शिकवणारा क्लास, नकळत का होईना, मुलांना कोर्टाच्या पायरीवर नेत असतो. उलट ‘सुटलात की ११२ लावा, जवळच्या दुकानात शिरा’ हे वाक्य सरावाचाच भाग असलेला क्लास अभ्यास करून शिकवतो.

सुरक्षिततेच्या बाबी थोडक्यात, पण त्यांच्यावर तडजोड नको. खाली मॅट नसलेल्या हॉलमध्ये, कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर, पाडण्याचा सराव होऊ नये. जोडीने फाइट असेल तर तोंडातला गार्ड हवा. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा उभे करणारा शिक्षक बेजबाबदार आहे. लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर. ज्या विद्येचा उद्देश संरक्षण, तिच्याच क्लासमध्ये मूल असुरक्षित असणे याहून वाईट काही नाही. हॉलचे दार उघडे हवे, पालकांना केव्हाही बसून पाहता आले पाहिजे, हात धरून पवित्रा सुधारताना शिक्षकाने सर्वांसमोर आणि सांगून स्पर्श करावा, स्पर्धेच्या प्रवासात मूल एकट्या प्रशिक्षकाबरोबर नसावे. बांबूची छडी ‘डिसिप्लिन’च्या नावाखाली चालू असेल तर तो क्लास तिथेच बाद. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. क्लासची इभ्रत हे गप्प राहण्याचे कारण होऊ शकत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, ती हॉलमध्ये लिहिलेली दिसली तर बरे लक्षण.

उरतो व्यवहार. पुष्कळ क्लासमध्ये एकच बॅच असते: पुढे सहा वर्षांची पोरे, मागे कॉलेजची मुले, कडेला चाळिशीतल्या दोन बायका. मुलांना खेळवण्यात तास जातो आणि मोठ्यांना जोडीला आपल्या वजनाचे कोणी मिळत नाही. प्रौढांना प्रौढांबरोबर, आणि शक्यतो आपल्याहून जड माणसाबरोबर सराव मिळाला पाहिजे. स्त्रियांची वेगळी बॅच असली तरी पुरुषाच्या ताकदीची ओळख कुठेतरी व्हावी लागते, अर्थात तिच्या संमतीने. फीविषयी बोलताना महिन्याची फी एवढेच विचारून थांबू नये. परीक्षा फी, बेल्ट, प्रमाणपत्र, संघटनेची वार्षिक वर्गणी, कॅम्प, स्पर्धेची प्रवेश फी, टी-शर्ट, हे सगळे मिळून वर्षाला किती, असे विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि कोणीच कधी नापास नाही, अशी स्थिती असेल तर बेल्ट विकत मिळतो आहे असे समजायला हरकत नाही. वर्षाची फी आगाऊ भरण्याची घाई करणाऱ्यालाही थोडे थांबवावे. शेवटची गोष्ट अंतराची: शहराच्या दुसऱ्या टोकाचा नामांकित क्लास दोन महिन्यांत सुटतो, चालत जाण्याइतक्या अंतरावरचा बरा क्लास वर्षभर टिकतो. दोघांत उन्नीस-बीसचाच फरक असेल तर जवळचाच घ्यावा. फरक मोठा असेल तर नाही.

आणि जवळपास असा क्लास नसेलच, तर? तेव्हा कराटे या शब्दाला चिकटून बसण्याचे कारण नाही. ज्यूदो, कुस्ती किंवा बॉक्सिंगच्या चांगल्या ठिकाणी विरोध करणारा जोडीदार रोज मिळतो, आणि बोलणे, ओळखणे, निघून जाणे हा भाग स्त्रियांसाठीच्या एखाद्या नीट आखलेल्या कार्यशाळेत शिकता येतो. खेळाचा क्लासही वाईट नाही, मूल दमते, वेळेवर उठते, हरायला शिकते. फक्त त्याला स्वसंरक्षण म्हणू नये.

नाव घालण्यापूर्वी एक तास काढावा. पाच मिनिटे दारातून डोकावून चालणार नाही. वॉर्मअपपासून शेवटच्या नमस्कारापर्यंत बाकावर बसून, मोबाइल खिशात ठेवून पाहावे. किती वेळ हवेत गेला, किती पॅडवर, किती विरोध करणाऱ्या माणसाबरोबर, ओरडायला आणि पळायला कोणी शिकवले का, हे मनात टिपून ठेवावे. बसून पाहायला परवानगी नाही असे सांगितले गेले, तर फी विचारायची गरज नाही, तिथून निघावे.